उत्तर देण्याआधी

प्रश्न : बायबलमधलं ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक 15:28 मध्ये (अध्याय 15, वचन 28) म्हणतं की नीतिमान माणूस उत्तर देण्याआधी मनात विचार करतो. हा विचार नेमका कसा करायचा? की गप्प बसणंच बरं?

उत्तर : वचन उत्तर देणाऱ्याबद्दल आहे, मौनव्रताबद्दल नाही. पहिली पायरी 18:13 मध्ये आहे : पुरतं ऐकण्याआधी उत्तर देणं मूर्खपणाचं आणि लाजिरवाणं. गफलत होते ती इथेच. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर असतानाच आपण उत्तर जुळवू लागतो आणि न विचारलेल्याच गोष्टीचा खुलासा करून बसतो.

पुढचा तपशील इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत, म्हणजे ज्यूंच्या धर्मनियमांच्या संग्रहात, ‘पिर्के अवोत’ या नीतिवचनांच्या भागाच्या पाचव्या अध्यायात मिळतो. तिथे शहाण्याची 7 लक्षणं दिली आहेत : आपल्याहून जाणत्यासमोर आधी बोलत नाही, कुणाचं बोलणं मधेच तोडत नाही, उत्तराची घाई करत नाही, विषयाला धरून विचारतो आणि नेमकं उत्तर देतो, पहिल्या मुद्द्याचं आधी नि शेवटच्याचं शेवटी बोलतो, जे ऐकलेलं नाही ते ‘ऐकलेलं नाही’ असं सांगतो, खरं असेल ते मान्य करतो. यातलं सहावं सर्वांत अवघड; माहिती नसताना ठोकून देण्याचा मोह जाणकारांनाही आवरत नाही. मुद्द्यांच्या क्रमाचं लक्षण किरकोळ वाटेल, पण भांडणात आपण हमखास शेवटचा, झोंबलेला शब्द आधी पकडतो आणि मूळ तक्रार तशीच राहते.

प्रश्न : 26:4 म्हणतं मूर्खाला उत्तर देऊ नको, 26:5 म्हणतं दे. मग करायचं काय?

उत्तर : दोन्ही वचनं मुद्दाम शेजारी ठेवलेली दिसतात. कारणं वाचा. उत्तर दिलं तर आपण त्याच्यासारखे होऊ, ही एक भीती. न दिलं तर तो स्वतःला शहाणा समजेल, ही दुसरी. नुसत्या शिवीगाळीला पहिलं वचन लावावं. चुकीचं विधान खरं म्हणून खपत असेल तर दुसरं.

मात्र थांबलं की शहाणपण आपोआप येतं, असं नाही. बायबलमधल्या ईयोब या नीतिमान माणसावर संकटं कोसळली, तेव्हा त्याचे मित्र 7 दिवस आणि 7 रात्री त्याच्याजवळ अवाक्षर न काढता बसले. मग तोंड उघडलं, ते ‘दुःख आलं म्हणजे पाप केलंच असणार’ हा ठरलेला निकाल ऐकवायला. ईयोबाच्या पुस्तकात 13:5 मध्ये ईयोब वैतागून म्हणतो, तुम्ही गप्प राहिला असता तर तेच तुमचं शहाणपण ठरलं असतं.