‘अ‍ॅपलाचियन ट्रेल कम्युनिटी’: गावाच्या वेशीवरची ती पाटी

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या काही गावांच्या वेशीवर ‘अ‍ॅपलाचियन ट्रेल कम्युनिटी’ अशी पाटी असते, तर तिथे राहण्या-जेवणाची सोय हमखास मिळेल असं धरून चालायचं का. तसं धरू नका. हॉटेलांना स्टार मिळतात तशातली ही पाटी नव्हे. अ‍ॅपलाचियन ट्रेल, म्हणजे डोंगरांतून जाणारी लांब पल्ल्याची पायवाट, जपण्यात आपलाही वाटा आहे असं गावाने मान्य केलंय, एवढंच ती सांगते. माझ्या मते हे सोयींपेक्षा मोलाचं आहे.

मान्यता देते अ‍ॅपलाचियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे नॅशनल पार्क सर्व्हिस या सरकारी खात्याच्या सोबतीने ट्रेलचा कारभार बघणारी ना-नफा संस्था. योजना २०१० सालची, पहिलं गाव फ्रँकलिन. अर्ज गावानेच करायचा. ट्रेलसाठी स्थानिक समिती, दरवर्षी श्रमदान किंवा उत्सव, ट्रेलबद्दल शैक्षणिक उपक्रम आणि गावाच्या विकास आराखड्यात ट्रेलच्या संरक्षणाची तरतूद, यांतल्या किमान दोन गोष्टी दाखवाव्या लागतात. मला शेवटची सगळ्यांत महत्त्वाची वाटते. उत्सव दोन दिवसांत आटोपतो. पण उद्या ट्रेललगतच्या डोंगरावर कुणी बांधकाम काढलं, तर बोट ठेवायला हातात कागद असतो.

आता तुमच्या तिथे जाण्याच्या बेताबद्दल. ट्रेल फ्रँकलिनमधून जात नाही. वाइंडिंग स्टेअर गॅपला तो हायवे ओलांडतो आणि तिथून गाव सुमारे १६ किमी आहे, तेव्हा शटल आधीच ठरवा. हॉट स्प्रिंग्जला मात्र ट्रेल गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जातो. रानात झाडांवर दिसणारा दोन इंच रुंद, सहा इंच उंच पांढरा पट्टा, म्हणजे ट्रेलची खूण, इथे रस्त्याकडेच्या खांबांवर दिसतो. सॅक पाठीला लावलेली मंडळी दुकानांपुढून चालत येतात, फ्रेंच ब्रॉड नदीचा पूल ओलांडतात आणि पुन्हा डोंगराला लागतात. पहिलीच खेप असेल तर हॉट स्प्रिंग्जलाच जा.

सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळात हॉट स्प्रिंग्जमध्ये पुराचं पाणी शिरलं. व्हर्जिनियातल्या डमास्कसचीही तीच गत झाली, जिथे १९८७ पासून मे महिन्यात ‘ट्रेल डेज’ हा ट्रेलचा उत्सव भरतो. म्हणून निघण्याआधी कॉन्झर्व्हन्सीच्या संकेतस्थळावर ट्रेलच्या सूचना वाचा आणि मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून खात्री करा. घरून सगळं भरून नेऊ नका. जेवण, किराणा, जे काही गावात मिळेल ते तिथूनच घ्या. इतक्या लहान गावांना त्याचा खरोखर आधार होतो.