विचारा की! : फॉर्मवरची चार अक्षरं

प्रश्न : आमची मुलगी यंदा मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी झाली. ७८ टक्के पडले. गणितात ८४, विज्ञानात ६३. पीयू कॉलेजचा फॉर्म आणलाय, त्यावर पीसीएमबी, पीसीएमसी, सीईबीए, एचईपीएस असं छापलंय. पार्ट वन, पार्ट टू ते आणि वेगळंच. शेजारचे म्हणतात, डोळे झाकून पीसीएमबी घ्या, डॉक्टर-इंजिनिअर दोन्हीकडं जाता येतं. मुलगी म्हणते, मला हिशेबाचं आवडतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं कोणी नाही. काय करावं?
— एक पालक, नंदगड, ता. खानापूर

शेजारी सांगतात ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. आधी फॉर्म वाचून घेऊ.

पीयूसी म्हणजे आपली अकरावी-बारावी. तिला सहा विषय, प्रत्येकी १०० गुण, एकूण ६००. पार्ट वन म्हणजे दोन भाषा, पार्ट टू म्हणजे चार मुख्य विषय. ती चार अक्षरं या चार विषयांची. पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायॉलॉजी. शेवटी बीच्या जागी सी आला की कॉम्प्युटर सायन्स, ई आला की इलेक्ट्रॉनिक्स. सीईबीए कॉमर्सचं. इथला पहिला सी केमिस्ट्रीचा नव्हे हं, कॉम्प्युटरचा. पुढं इकॉनॉमिक्स, बिझनेस स्टडीज, अकाउंटन्सी. त्या पहिल्या सीच्या जागी एस असेल तर स्टॅटिस्टिक्स, एच असेल तर हिस्ट्री. एचईपीएस आर्ट्सचं : इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र. अक्षरं पाठ करत बसू नका. ऑफिसातल्या क्लार्ककडून चारही विषयांची पुरती नावं कागदावर लिहून घ्या. याला कॉलेजात ‘कॉम्बिनेशन’ म्हणतात, आणि पहिल्या वर्षी जे घ्याल तेच दुसऱ्या वर्षाला असतं. मध्येच सायन्सचं कॉमर्स करायचं म्हटलं तर पहिलं वर्ष पुन्हा बसावं लागतं.

आता शेजाऱ्यांची उरलेली अर्धी गोष्ट. इंजिनिअरिंगला फिजिक्स आणि मॅथ्स लागतंच, सोबत केमिस्ट्री किंवा नियमात बसणारा दुसरा एखादा विषय. मेडिकलच्या नीट या प्रवेश परीक्षेला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी. म्हणजे पीसीएमबीत दोन्ही येतं, हे कबूल. बीएस्सी ॲग्रीला जायचं मनात असेल तर हे चारही विषय कामाचे, आणि कर्नाटकात त्या शिक्षणक्रमाला शेतकऱ्यांच्या मुलांसाठी राखीव जागा आहेत. तुमची शेती असेल तर तेवढं ध्यानात ठेवा. पण नुसतं कॉम्बिनेशन घेतल्यानं सीट मिळत नाही. आपल्याकडं इंजिनिअरिंगचा रँक निम्मा सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेवर आणि निम्मा दुसऱ्या पीयूसीतल्या फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सच्या गुणांवर ठरतो. सीईटी पार पाडली आणि पीयूसीत कसंबसं पास झाली, तर रँक खाली जाणारच.

आणि मराठी माध्यमातून सायन्सला आलेल्या मुलांचं पहिल्या दोन-तीन महिन्यांत काय होतं, ते मी स्टाफरूममधून बघत आलेय. मुलीला त्वरणाची उदाहरणं धडाधड येतात. पण वर्गात सर ‘ॲक्सलरेशन’ म्हणतात, फळ्यावर इंग्रजीत उतरवतात, आणि ही वही उघडी ठेवून पुढच्या मुलीच्या वहीत डोकावते. विचारायला हात वर करत नाही, कारण प्रश्नसुद्धा इंग्रजीत विचारावा लागेल असं तिला वाटतं. दिवाळीपर्यंत बहुतेक मुलं सावरतात. ज्यांना त्या विषयाची गोडी असते ती तर नक्कीच. घरच्यांच्या हट्टापायी आलेली मात्र जर्नल पुरं करण्यातच दमतात. सायन्सला प्रॅक्टिकलचे ३० गुण असतात, लेखी ७०ची. जर्नल वेळेवर सही करून घेतलं नाही की तिथंही मार खातात.

तुमच्या मुलीला गणितात ८४ आहेत आणि तोंडानं ती हिशेब म्हणतेय. मी असते तर कॉमर्सच लिहिलं असतं, त्यातही स्टॅटिस्टिक्स किंवा कॉम्प्युटर असलेलं. (मी जन्मभर अकाउंटन्सी शिकवली, माझं माप कुठं झुकतं ते ओळखून घ्या.) बी.कॉम., बीबीए तर आहेच. शिवाय सीएची फाउंडेशन परीक्षा बारावीनंतर देता येते, त्यात गणित-स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो, तिथं तिचे ८४ उपयोगी पडतील. बँकेच्या परीक्षांना कुठलीही पदवी चालते. पण कॉमर्स घेतलं की इंजिनिअरिंग, मेडिकल, ॲग्री हे विषय संपले, हे तिला आजच स्पष्ट सांगा. ते ऐकून ती एक रात्र गप्प बसली आणि सकाळीही कॉमर्सच म्हणाली, तर फॉर्म भरून टाका.

फॉर्म भरताना ‘इंटिग्रेटेड’ असा एखादा रकाना दिसेल. त्याचा अर्थ कॉलेजातच सीईटी-नीटची शिकवणी जोडलेली, फी वेगळी. कॉमर्स घेणाऱ्याला त्याची गरज नाही. सायन्स घेणाऱ्यानंही दोन वर्षांची एकूण रक्कम लेखी मागितल्याशिवाय सही करू नये.

प्रश्न : मॅडम, मी येळ्ळूरची. पार्ट वनला इंग्रजीसोबत मराठी घेऊ की कन्नड? मैत्रिणी म्हणतात कन्नड घेतलं तर पुढं नोकरीला बरं. आणि भाषेचे गुण सीईटीत धरतात का?
— एक विद्यार्थिनी

नाही गं पोरी, भाषेचे गुण इंजिनिअरिंगच्या रँकमध्ये धरत नाहीत. ६००पैकी मात्र धरतात, आणि पदवी कॉलेजची मेरिट लिस्ट टक्केवारीवर लागते तिथं ते उपयोगी पडतात. इंग्रजी नव्यानं अंगावर येणार, चार विषय इंग्रजीतून येणार, अशा वेळी एक पेपर तरी आपल्या हातातला असावा. तू मराठी घे. फक्त त्या कॉलेजात मराठीला लेक्चरर आहे का, तास खरंच होतात का, ते सीनियर मुलींना विचार. ऑफिसात विचारलंस तर ‘आहे’ असंच सांगतील.

नोकरीचं म्हणशील तर मैत्रिणींचंही चुकत नाही. राज्य सरकारच्या परीक्षांत कन्नडचा पेपर असतो. पण दहावीपर्यंत तू कन्नड शिकलीयसच की. ते सोडू नकोस, रोज पेपरातली एक बातमी मोठ्यानं वाच. पार्ट वनची निवड त्यासाठी खर्ची घालायची गरज नाही.

प्रश्न : आम्ही कुद्रेमनीचे. मुलाला अकरावीला चंदगड तालुक्यात घालावं असं घरात चाललंय. तिकडं गेला तर कर्नाटकातल्या सीईटीचा हक्क जातो का? सायन्स मराठीतून मिळतं का?
— एक वाचक

दुसऱ्याचं आधी : सायन्स तिकडंही इंग्रजीतूनच शिकवतात. त्या आशेनं जाऊ नका. आर्ट्स घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी, ते तिकडं मराठीतून व्यवस्थित होतं आणि मी तरी जाच म्हणेन. सायन्सवाल्यानं एवढं बघावं, की आपल्याकडं पीयूसीला एनसीईआरटीची पुस्तकं आणि केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीचा पेपर त्याच अभ्यासक्रमावर. तिकडची पुस्तकं त्यांच्या बोर्डाची. तिकडं शिकून इकडची सीईटी द्यायची तर दोन्ही पुस्तकं समोर ठेवून बसावं लागेल.

हक्क जात नाही. पहिली ते बारावीत किमान सात वर्षं कर्नाटकात शिक्षण आणि दहावी किंवा बारावी इथून पास, एवढी मुख्य अट आहे. दहावी गावाकडंच झाली असेल तर तो त्यात बसतो. महाराष्ट्राच्या बाजूनंही एक सोय आहे, ती फार जणांना ठाऊकच नसते. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या शाळेतून दहावी किंवा बारावी झालेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या मुलांना तिकडच्या इंजिनिअरिंग प्रवेशात ‘टाइप ई’ या गटातून अर्ज करता येतो. त्याला दोन दाखले लागतात : गाव सीमाभागात येतं याचा, आणि मातृभाषा मराठी असल्याचा. दुसरा शाळेतून मिळतो. तिकडची सीईटी वेगळी द्यावी लागते हे वेगळं सांगायला नको.

कुठंही घाला, शाळेतून टीसी काढताना स्टडी सर्टिफिकेट, म्हणजे कुठं शिकला त्याचा दाखला, त्याच फेरीत घ्या. पहिलीपासूनचं, वर्षवार, बीईओंच्या (तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या) सहीसह. प्राथमिक शाळा वेगळी असेल तर तिचं वेगळं. केसीईटीत ग्रामीण कोट्यासाठी पहिली ते दहावी ही दहाच्या दहा वर्षं ग्रामीण भागात झालेली लागतात. सातवीपर्यंत गावात आणि आठवीपासून बेळगाव शहरात किंवा खानापूर गावात शिकलेल्यांना तो मिळत नाही, कारण खानापूरलाही नगरपंचायत आहे. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कचेरीतून काढा. मराठा समाजाची मुलं कर्नाटकात ३बी या मागासवर्गीय गटात येतात, महाराष्ट्रातला दाखला इथं लावून चालत नाही. दाखल्यावरचा आरडी नंबर (दाखल्याचा क्रमांक) सीईटीच्या ऑनलाइन अर्जात जसाच्या तसा भरायचा असतो, म्हणून दाखल्यावरचं नाव आणि मार्क्सकार्डावरचं नाव एकदा शेजारी ठेवून तपासा. आडनाव आधी की नाव आधी, यावरूनही अर्ज अडतो. फरक असेल तर नाडकचेरीत आताच दुरुस्त करून घ्या, सीईटीच्या दिवसांत तिथं रांग रस्त्यापर्यंत येते.