परदेशी फळं महाग का? वाचकांचे प्रश्न

नेरूळहून एक वाचक: परदेशी सफरचंदं महाग का, विचारलं की फळवाला म्हणतो, ‘सरकारी टेस्टिंगमुळे.’ खरं का?

अर्धंच खरं. चाळीस फुटी रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये साधारण वीस टन सफरचंद मावतं. तपासणीला वीस हजार लागले असं धरा. किलोमागे पडला एक रुपया. त्यापेक्षा सरकारची दुसरी अट जड: भूतान वगळता, विमा-भाड्यासह किलोला 50 रुपयांपेक्षा स्वस्त सफरचंद आणायचंच नाही, असं 2023 मध्ये ठरलं.

तपासणीत खिसा कापते ती वाट पाहणं. नमुन्याच्या अहवालासाठी कंटेनर न्हावा-शेवा बंदरात थांबला की रीफरच्या विजेचे पैसे, यार्डाचं भाडं, शिपिंग कंपनीचं डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत केल्याचा आकार), सगळी मीटरं एकदम सुरू. त्यात फळ काही थांबत नाही. वाशीच्या फळबाजारात असाच रखडलेला प्लमचा कंटेनर उघडताना मी गाळ्यावर उभा होतो. आतल्या पेट्या कडक, दाराजवळच्या फळाला मात्र बोटानं खड्डा पडत होता. ‘शेठ, ही आजच काढा,’ हमाल म्हणाला. निम्म्या भावात गेल्या. हा तोटा कोणाच्या डोक्यावर? बाजारात आवक कमी असेल तर तुमच्या-माझ्या; भरपूर असेल तर आयातदाराच्या बोकांडी.

कोपरखैरण्याचे फळविक्रेते: मध्यंतरी इराणची किवी एकदम बंद झाली. खाण्यात काही सापडलं होतं का?

नाही, कीड सापडली होती. डिसेंबर 2021 ची गोष्ट. आपण सगळं ‘एफएसएसएआय’च्या नावावर खपवतो, पण बंदरावर दारं दोन. एक, अन्नसुरक्षेचं म्हणजे ‘एफएसएसएआय’चं, तुमचं पोट राखतं. दुसरं, वनस्पती संगरोधाचं म्हणजे बाहेरची कीड-रोग अडवणारं, इथल्या बागा. चीनची सफरचंदं 2017 मध्ये याच दुसऱ्या दारात अडकली. अशी बंदी किलोमागे रुपया-दोन रुपये वाढवत नाही. स्वस्त माल पुरवणारा एक देशच बाजारातून उठतो आणि उरलेले भाव ताणतात. तुमच्या हातगाडीला हे जास्त बोचतं.

ऐरोलीहून एक आजी: सफरचंदावरचं मेण चालतं का?

मधमाशीचं मेण, कार्नोबा (एका ताडाच्या पानांचं मेण) आणि शेलॅक (लाख) यांना परवानगी आहे, मात्र तसं लेबलवर लिहायला हवं. मेणामुळे फळ सुकत नाही, वजनातली घट वाचते. तरी खाण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवा.

वाशीहून: थेट घाऊक बाजारातून घेऊ का?

अख्खी पेटी संपणार असेल तर जरूर. शेजारी दोघं गाठा, पहाटे जा. आणि वरचा थर पाहून भुलू नका, तळाची दोन फळं काढून दाबून बघा.