पानं चारशे, गूगलला दिसतंय एकच

प्रश्न : सर नमस्कार. सावंतवाडीजवळ आमची नर्सरी आहे. चारशेच्या आसपास रोपांची माहिती, फोटो, दर असं सगळं टाकून भाच्याच्या मित्राकडून रिअ‍ॅक्ट या जावास्क्रिप्टच्या साधनात वेबसाइट करून घेतली. दिसायला झकास, मोबाइलवर अ‍ॅपसारखी पळते. पण आठ महिने झाले, नर्सरीचं नाव टाकलं तर गूगलवर येते आणि "सोनचाफा कलम" टाकलं तर आमचा पत्ताच नाही. तो म्हणतो गूगलला आता जावास्क्रिप्ट (ब्राउझरमधे चालून पान उभं करणारा कोड) वाचता येतं, धीर धरा. अजून किती धरू? साइटचा पत्ता सोबत देतोय.

उत्तर : धरू नका, धीर धरून हे सुटणारं नाही. तुमची साइट उघडली, सोनचाफ्यावर क्लिक केलं आणि वरच्या पट्टीत पत्ता बघितला, तर तुमचं डोमेन, मग स्लॅश, मग # आणि त्यानंतर सोनचाफा. अर्धा रोग तिथेच सापडला. पत्त्यात # च्या पुढे जे काही असतं ते ब्राउझर सर्व्हरला पाठवतच नाही, ती खूण मुळात एकाच पानातल्या एखाद्या जागेवर उडी मारायला केलेली आहे, आणि गूगलही पुढचा भाग सोडून देतं. म्हणजे वाड्यात बिऱ्हाडं चारशे आणि पत्ता सगळ्यांचा एकच! पोस्टमन पहिल्या दारात टपाल टाकून निघून जातो, त्याचं काय चुकलं?

एकेकाळी गूगलनेच २००९ मधे # च्या पुढे उद्गारचिन्ह टाकायची एक सोय सुचवली होती, पण २०१५ च्या ऑक्टोबरात ती शिफारस मागे घेतली. जुन्या लेखांत, व्हिडिओंत अजून ती युक्ती सापडते, तिच्या नादी लागू नका.

भाच्याच्या मित्राला सांगा, पत्त्यात # टाकणारा हॅशराउटर काढ आणि # शिवाय पत्ते देणारा ब्राउझरराउटर लाव. मग प्रत्येक रोपाला खराखुरा पत्ता मिळेल. मात्र त्यासोबत सर्व्हरलाही सांगावं लागतं की कुठलाही पत्ता मागितला तरी तीच मूळ फाइल दे, नाहीतर आतल्या पानावर रिफ्रेश केलं की ४०४ म्हणजे "पान सापडलं नाही" हा निरोप येतो आणि तुम्ही मला परत पत्र लिहिणार. याची उलटी बाजूही आहे, मग नसलेल्या रोपाचा पत्ता टाकला तरी सर्व्हर २०० म्हणजे "सगळं ठीक" म्हणून मोकळा होतो आणि पडद्यावर फक्त "सापडलं नाही" असं दिसतं, याला सॉफ्ट ४०४ म्हणतात आणि गूगलचा अशा पानांत उगाच वेळ जातो. नसलेल्या पानाला खरा ४०४ च गेला पाहिजे.

आता मित्राच्या बोलण्याकडे येऊ. तो खोटं बोलत नाहीये, अर्धवट बोलतोय. २०१९ च्या मे महिन्यापर्यंत गूगलबॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा गूगलचा प्रोग्राम, क्रोमच्या ४१ नंबरच्या जुनाट आवृत्तीवर चालायचा, तेव्हापासून तो ताज्या क्रोमियमवर (क्रोमचा गाभा) चालतो, म्हणजे जावास्क्रिप्ट वाचतो हे खरं. पण वाचतो कसा? आधी सर्व्हरकडून आलेलं एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ सांगाडा, उचलतो, मग पान रेंडरिंगच्या, म्हणजे पूर्ण पान उभं करण्याच्या, रांगेत थांबतं, नंबर लागला की जावास्क्रिप्ट चालवतो आणि मग जे दिसेल ते इंडेक्समधे, म्हणजे गूगलच्या नोंदवहीत. आणि तुमच्या साइटवर काय दिसेल ते मी बघितलं. रोपांची सगळी माहिती एपीआयमधून, म्हणजे सर्व्हरवरच्या माहिती पुरवणाऱ्या खिडकीतून, येते, आणि बॉटने कुठे जायचं नाही हे सांगणाऱ्या रोबॉट्स डॉट टेक्स्ट या फाइलमधे कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली तो एपीआयच बंद करून ठेवलाय! गूगलबॉट ती फाइल पाळतो, रेंडर करतानाही पाळतो, त्यामुळे त्याच्या नशिबी फक्त तुमचा लोगो आणि गोल गोल फिरणारं चक्र. ती एक ओळ आजच काढायला लावा.

स्वतः तपासायची सोपी रीत : रोपाचं पान उघडा, राइट क्लिक करून व्ह्यू पेज सोर्स घ्या आणि त्यात "सोनचाफा" शोधा. इन्स्पेक्टमधे शोधू नका, तिथे जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं चित्र दिसतं आणि सगळं आलबेल वाटतं. तुमच्या सोर्समधे एक रिकामा डिव्ह (पानातला डबा) आहे आणि खाली स्क्रिप्टची ओळ, बस्स. तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर कुठल्याही रोपाची लिंक पाठवली की तोच लोगो येतो ना? कारण हेच, व्हॉट्सअ‍ॅपचं प्रीव्ह्यू जावास्क्रिप्ट चालवतच नाही.

म्हणून माझं मत विचाराल तर मजकूर पहिल्याच एचटीएमएलमधे असायला हवा, गूगलच्या रांगेवर कशाला विसंबायचं. रिअ‍ॅक्ट फेकून द्यायची गरज नाही. चारशे रोपांची माहिती काही तासातासाला बदलत नाही, तेव्हा नेक्स्ट किंवा अ‍ॅस्ट्रो ही साधनं वापरून पानं आधीच तयार करून ठेवायची, दर आणि शिल्लक तेवढी मागाहून येऊ दे. दर मिनिटाला बदलणारा मजकूर असता तर सर्व्हरवर रेंडर करा म्हटलं असतं. बॉटला वेगळं तयार पान आणि माणसाला वेगळं, असा डायनॅमिक रेंडरिंगचा तोडगा कुणी सुचवला तर नको म्हणा, गूगल स्वतःच आता त्याला तात्पुरती मलमपट्टी म्हणतं.

हे करताना आणखी दोन गोष्टी. "अजून रोपं दाखवा" हे बटण गूगलबॉट दाबत नाही, त्यामुळे पहिल्या वीसनंतरची रोपं त्याच्यासाठी नाहीतच. पान २, पान ३ अशा साध्या लिंक द्या, आणि लिंक म्हणजे एचआरईएफ (पुढच्या पानाचा पत्ता) असलेला ए टॅग, डिव्हवर ऑनक्लिक (क्लिकवर चालणारा कोड) लावलेलं चालत नाही. दुसरं, तुमच्या मूळ फाइलमधे कॅनॉनिकल म्हणून होमपेजचा पत्ता पक्का लिहून ठेवलाय, म्हणजे प्रत्येक पान स्वतःच सांगतंय की "मी कुणी नाही, मूळ पान ते". टायटलही चारशे पानांना एकच. हे न बदलता बाकीचं सगळं केलंत तर मेहनत पाण्यात.

मग साइटमॅप (सगळ्या पत्त्यांची यादी) करून गूगलच्या सर्च कन्सोलमधे द्या आणि चार-पाच पानं तिथल्याच यूआरएल इन्स्पेक्शनमधून तपासा. पहिला नंबर येईल असं मी म्हणत नाही हं, पण निदान शर्यतीत तरी उतराल.

प्रश्न : जँगोमधे (पायथनच्या वेब-साधनात) मराठी लेखांची साइट करतोय. पत्ता देवनागरीत ठेवावा की रोमनमधे? (पुण्याहून एक विद्यार्थी)

उत्तर : गूगलला दोन्ही चालतं. त्रास होतो तो कॉपी-पेस्ट करताना, देवनागरीतलं एकेक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइटला टक्केचिन्हासकट तीन खुणा, म्हणजे "चाफा" एवढ्याशा शब्दाच्या ३६ खुणा होतात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ती माळ बघून लोक लिंक उघडायला कचरतात. पण तुमच्यासाठी खरा खड्डा दुसराच आहे. शीर्षकापासून स्लग, म्हणजे पत्त्यातला शेवटचा तुकडा, बनवणारं जँगोचं स्लगिफाय नुसतं वापरलं तर देवनागरी सगळी गाळून टाकतं, हाती रिकामा स्लग येतो. मग तुम्ही युनिकोड चालू करणार आणि खूश होणार, पण पायथनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला, म्हणजे अक्षरं पारखणाऱ्या नियमाला, काना-मात्रा अक्षरं वाटत नाहीत, त्यामुळे "मराठी"चं "मरठ" होतं! स्लगचं फंक्शन स्वतः लिहा, किंवा सरळ रोमनमधे लहानसा स्लग हाताने टाका. मी दुसरंच करतो, आळशी माणूस आहे.

प्रश्न : साड्यांच्या दुकानाची साइट आहे. रंग, पोत, किंमत असे फिल्टर लावले की प्रत्येक वेळी नवा पत्ता तयार होतो. याने नुकसान होतं का? (इचलकरंजीहून)

उत्तर : होतं. ८ रंग, ५ पोत, ६ किमतींचे गट म्हणजे २४०, त्यात क्रम लावायचे ४ प्रकार धरले की ९६०, आणि माल तोच. गूगलबॉट त्यातच फिरत बसतो आणि नवीन आलेली साडी राहून जाते. लोक खरोखर शोधतात अशी मोजकी पानं, समजा "हिरवी पैठणी", स्वतंत्र पत्ता आणि स्वतंत्र मजकूर देऊन ठेवा. बाकीची जुळणी रोबॉट्स डॉट टेक्स्टमधे अडवा किंवा नोइंडेक्स ("नोंद नको" अशी पानातली खूण) करा, दोन्ही एकदम नको, कारण दारातच अडवलं तर आत लावलेली नोइंडेक्सची पाटी त्याला दिसणार कशी?