आईला डिमेन्शिया आहे. भाऊ अमेरिकेतून रोबो-मांजर आणतो म्हणतोय. त्याने खरंच बरं वाटतं, की नुसतं खेळणं?

आणू द्या, फक्त महागातलं नको. मी पुण्यात ज्येष्ठांच्या डे-केअरमध्ये काम करते, आमच्याकडे असं एक मांजर आहे.

या प्रकारात सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो जपानच्या 'पारो'वर. सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखा रोबो, पांढरा, केसाळ, वजन पावणेतीन किलोच्या आसपास. जपानी संशोधक ताकानोरी शिबाता यांनी १९९३ पासून त्यावर काम केलं. २००९ मध्ये अमेरिकेत त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली. करतो काय, तर कुरवाळलं की मान वळवतो, डोळे मिटतो, आवाज काढतो. चार्जर बाळाच्या चोखणीसारखा, तोंडात द्यायचा! सीलच का? कुत्रा-मांजर सगळ्यांना ठाऊक, लगेच तुलना होते. सील कोणी मांडीवर घेतलेला असतो?

ऑस्ट्रेलियात २८ वृद्धाश्रमांतल्या ४१५ जणांवर त्याची चाचणी झाली, निष्कर्ष २०१७ मध्ये आले. काहींना चालू पारो दिला, काहींना तोच बंद करून, बाकीच्यांची नेहमीची देखभाल. चालू पारोशी लोक जास्त बोलले, त्याच्याकडे जास्त पाहत राहिले. पण चिडचिड कमी होण्यात बंद पारोही फार मागे नव्हता. म्हणजे बरंचसं काम मऊ केस आणि मांडीवरचं वजनच करतं. त्यामुळे हजारो डॉलरच्या पारोची गरज नाही. गुरगुरणारं, पंजा उचलणारं शंभर-सव्वाशे डॉलरचं बॅटरीवालं मांजर पुरे.

आमच्या एक आजी ते मांडीवर घेऊन शेजारच्या काकूंना दटावतात, "हळू बोला, आत्ता डोळा लागलाय तिचा." मग दोघींच्या गप्पा मांजरावरून माहेरच्या गोठ्यापर्यंत जातात. खरा फायदा मला तिथे दिसतो. म्हणून मांजर आलं की ते आईकडे देऊन त्यांना एकटं बसवू नका, सांभाळणाऱ्या बाईंना शेजारी बसून त्याच्याबद्दल बोलायला सांगा.

सगळ्यांना आवडतंच असं नाही. एक निवृत्त फिटर आजोबा ते उलटं करून बॅटरीचं झाकणच उघडायला बघतात. त्यांना आम्ही नट-बोल्ट निवडायला देतो, खूश असतात.

आईंनी विचारलं तर खेळण्यातलं आहे असंच सांगा. स्वतःहून खरं मानलं तर वाद घालू नका. घाबरल्या तर उचलून ठेवा, आठवड्याने पुन्हा दाखवा. जेवताना मात्र लांब ठेवा, घास भरवतात आणि केसांतला वरणभात निघता निघत नाही.