भुसावळच्या उन्हात पाइन लावताय?

भाऊ, मनालीहून आणलेलं पाइनचं रोप भुसावळला लावायचं म्हणताय, तर ते नक्की कुठल्या जातीचं, ते आधी बघा. सुयांचा, म्हणजे त्याच्या सुईसारख्या पानांचा, एक झुपका तोडून मोजा. पाच सुया निघाल्या तर कैल, तीन असतील तर बहुधा चीड. कैल हिमालयात साधारण १८०० मीटरच्या वरचा, बर्फ अंगावर घेणारा. थंडीचं त्याला काही नाही, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. तिथे त्याचा निभाव लागणं अवघड. चीड पाचशे मीटरच्या आसपासही वाढतो, त्याच्यावर डाव लावा.

खरा घात करते ती काळी माती. मी पहिलं रोप हौसेनं केळीच्या बांधावर लावलं, ठिबकच्या नळीला खेटून! श्रावण संपेतो सुया विटकरी झाल्या. उपटलं तर मुळं काळी, बोटानं दाबली की साल सुटायची. मुरमाड उंचवटा निवडा, पाणी थांबता कामा नये. ऊन भरपूर हवं, पहिले दोन उन्हाळे दुपारी तेवढी शेडनेट. पिशवीतली माती झटकू नका, त्यातली पांढरी बुरशी मुळांना अन्न-पाणी मिळवून देते.

तोरणमाळला कुणा पाहुण्याची जागा असेल तर सरळ तिथेच लावा. हजार मीटरच्या वर आहे ते.