नौपाड्याचं घर विकायचंय, पण कुणाचं?

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘वय ४१, नोकरी ऐरोलीला. पत्नी ठाण्यातच शिक्षिका. दोघांचे मिळून महिन्याला हातात १.५५ लाख येतात, बचत २० लाख. मुलगी दुसरीत, आई आमच्याबरोबर. बाबांनी १९९४ मध्ये घेतलेला वन बीएचके, ते २०२१ मध्ये गेल्यावर, मी नॉमिनी असल्यामुळे सोसायटीने माझ्या नावावर केला. बहीण पुण्याला असते, तिला काही नको आहे. फ्लॅटचे ८० लाख येतील. त्यातून घोडबंदर रोडवर कासारवडवलीला बांधकाम चालू असलेला १.४० कोटींचा टू बीएचके घ्यावा, की नवी मुंबईत खारघरला १.२५ कोटींचा तयार? मेट्रो आली की घोडबंदरला पाच वर्षांत भाव दुप्पट, असं एजंट म्हणतो. बँकेतले गृहस्थ ३.६ लाखांचा एकरकमी विमा कर्जातच बसवून देणार आहेत. रविवारी टोकन द्यायचं आहे.’

रविवारी टोकन देऊ नका.

कासारवडवली की खारघर, त्याकडे वळूच. पण या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य आहे, ‘तिला काही नको आहे.’ आणि त्याच्या आधीचं, ‘सोसायटीने माझ्या नावावर केला.’

सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर तुमचं नाव चढवलं म्हणजे मेंटेनन्सचं बिल कुणाच्या नावाने फाडायचं आणि सभेची नोटीस कुणाला द्यायची, एवढंच ठरवलं. मालकी ठरवणं तिच्या हातात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात नॉमिनीला वारसांची नावं लागेपर्यंतचा तात्पुरता सभासद मानलं आहे. मृत्युपत्राचा उल्लेख नाही, म्हणजे ते नाही असं धरतो. मग हिंदू वारसा कायद्याने या घराचे तीन सारखे वाटे पडतात: आई, बहीण आणि तुम्ही. (बाबांच्या आई त्या वेळी हयात असतील तर चार.) ८० लाखांपैकी तुमचे साधारण २६-२७ लाख. तुमचा सगळा हिशेब मात्र ८० लाखांवर उभा आहे.

हे कुठे अडकतं? तुमच्याकडून घेणारा कर्ज काढणार. त्याच्या बँकेचा वकील १९९४ पासूनची कागदपत्रं मागणार आणि २०२१ पाशी थांबणार: बाकीच्या वारसांच्या सह्या कुठे आहेत? तोवर तुम्ही इकडे बिल्डरला १० टक्के म्हणजे १४ लाख देऊन करारनामा नोंदवलेला असतो. गिऱ्हाईक दोन महिने वाट बघून दुसरीकडे जातं, आणि बिल्डरची, एकेक स्लॅब पडेल तशी, मागणीपत्रं येत राहतात, उशीर झाला की व्याजासकट. यात कुणाची लबाडी नसते, तरी दरवेळी असंच होतं.

यातून निघायच्या वाटा दोन. पहिली, आई आणि बहीण तुमच्या नावे हक्कसोडपत्र करतात. ते नोंदणीकृतच हवं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेलं ‘ना हरकत’ चालत नाही. रक्ताच्या नात्यात, मोबदला न घेता केलं तर मुद्रांक शुल्क नाममात्र पडतं. पण ‘कागद फुकटचा करू, दहा लाख नंतर देऊ’ असला घरगुती तोडगा काढू नका, मोबदला आला की तो व्यवहारच वेगळा होतो. दुसरी वाट, तिघांनीही विकणारे म्हणून सही करायची आणि पैसे तिघांच्या खात्यांत घ्यायचे. किंमत ५० लाखांच्या वर असल्याने घेणारा एक टक्का टीडीएस (आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापेल. तो तिघांच्या पॅनवर वाट्याप्रमाणे कापून घ्या, सगळा तुमच्या एकट्याच्या पॅनवर नको.

बहिणीने खरंच सोडलं तर तिच्यापुरती पहिली वाट ठीक. आईकडून मात्र हक्कसोडपत्र घेऊ नका. आज त्यांच्या डोक्यावर स्वतःच्या हक्काचं छप्पर आहे. ते विकून नवं घर फक्त तुम्हा दोघांच्या नावावर झालं, तर त्या आश्रित होतात. त्यांचा वाटा नव्या घरात घाला आणि करारनाम्यावर त्यांचं नाव घाला.

बहिणीला आधी फोन करा. ‘तुला नको ना?’ असं विचारलं तर कुठलीही बहीण नको म्हणेल. आकडा सांगून विचारा: ‘तुझा वाटा साडेसव्वीस लाखांचा आहे.’ उत्तर तेच आलं तर आनंद आहे. बदललं, तर टोकन देण्याआधी कळलेलं बरं.

आता कर. बाबांनी २००१ च्या आधी घेतलेलं घर, म्हणून १ एप्रिल २००१ चं मूल्य खरेदी किंमत म्हणून धरता येतं (त्या दिवशीच्या रेडी रेकनरपेक्षा, म्हणजे सरकारी दरापेक्षा, जास्त नाही). मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून दाखला घ्या. ते ७ लाख आलं असं समजा. ७३ लाख नफा, साडेबारा टक्क्यांनी ९ लाखांच्या थोडा वर कर, तिघांत वाटला तर प्रत्येकी तीन. महागाई निर्देशांक लावून वीस टक्क्यांचाही पर्याय आहे. या आकड्यांत तो महाग पडतो. नफा दुसऱ्या घरात घातला तर कर वाचतो, पण तयार घर विक्रीपासून दोन वर्षांत घ्यावं लागतं, बांधकाम असेल तर ते तीन वर्षांत पुरं व्हावं लागतं. कासारवडवलीच्या त्या इमारतीची ताब्याची तारीख महारेराच्या (बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर बघा. तीन वर्षांच्या पलीकडची असेल, तर ही करसूट तुम्ही बिल्डरच्या वेळापत्रकाच्या भरवशावर सोडताय. पत्नीच्या एकटीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो हे खरं, पण नफा तुमचा आणि घर त्यांचं झालं की करसूट वादात पडू शकते. सव्वा लाखासाठी ती जोखीम नको.

तुमच्या मूळ प्रश्नातला फरक तुम्हाला १५ लाखांचा दिसतोय. कासारवडवली: १.४० कोटी, जीएसटी पाच टक्के म्हणजे ७ लाख, मुद्रांक शुल्क सात टक्के म्हणजे ९.८ लाख, नोंदणी ३० हजार, पार्किंग-क्लबहाऊस-आगाऊ मेंटेनन्स मिळून ५ लाख धरा. झाले १.६२ कोटी. घर विकून टाकलं म्हणजे तीन वर्षं भाड्याने राहायचं; महिना ३५ हजारांनी साडेबारा लाख. पावणेदोन कोटी. खारघर: ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या घराला जीएसटी नाही. १.२५ कोटी, मुद्रांक शुल्क पावणेनऊ लाख, सिडकोचं (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं) हस्तांतरण शुल्क, दलाली, रंगरंगोटी धरून १.३८ कोटी. फरक ३७ लाखांचा.

सहा लाख आजारपण-नोकरीसाठी बाजूला ठेवा आणि बहीण तिचा वाटा घेणार असं धरा. खारघरला ७१ लाख कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांना हप्ता ६२ हजार. पगाराच्या चाळीस टक्के, ओढाताण होईल पण निभेल. कासारवडवलीला ९५ लाख, हप्ता ८२ हजार, शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं. एकाची नोकरी सहा महिने गेली तरी कोसळेल.

मेट्रोबद्दल: वडाळा-कासारवडवली मार्गाची पायाभरणी २०१६ ची. तेव्हापासून ती घोडबंदरच्या प्रत्येक जाहिरातीत धावतेय, आणि तिचे पैसे तुमच्या १.४० कोटींत आधीच लावलेले आहेत. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला जवळपास पंधरा टक्के. एजंटला हे लिहून द्यायला सांगा.

राहायचं म्हणाल तर कासारवडवलीहून ऐरोलीला जाताना आधी ठाणे स्टेशन गाठावं लागतं, आणि गायमुख घाटात ट्रक बंद पडला की ते किती वाजता गाठाल याचा नेम नाही. खारघरहून पनवेल-ठाणे लोकल ऐरोलीला थेट जाते, पत्नीलाही ठाण्यापर्यंत तीच. मुलांना सेंट्रल पार्क, रुंद फुटपाथ, मागे डोंगर. पण तळोजा एमआयडीसीच्या बाजूच्या सेक्टरांत रात्री दहानंतर जाऊन वास घ्या, आणि सोसायटीकडून एप्रिल-मेची टँकरची बिलं मागा. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असते, म्हणून आधीची हस्तांतरणं सिडकोत नोंदली आहेत का ते बघा. पत्नीला ठाणं सोडवत नसेल, तर वाघबीळ-मानपाड्याला ओसी असलेला जुना फ्लॅट याच पैशांत शोधा. क्लबहाऊस नसेल, मुलगी खाली खेळेल.

बँकेतल्या गृहस्थांचा विमा घेऊ नका. कर्जात बसवलेले ३.६ लाख वीस वर्षांत साडेसात लाख होऊन फिटतात. ‘घ्यावाच लागतो’ म्हणाले तर तसं ईमेलवर मागा. ते येणार नाही. दीड कोटींचा साधा टर्म विमा (मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा) वेगळा घ्या, कर्जाचा पहिला चेक निघायच्या आत.

आणि रविवार मोकळा झालाच आहे, तर कपाट उघडून बाबांचा १९९४ चा मूळ करारनामा आणि नोंदणीची पावती सापडते का बघा. नसेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात प्रमाणित प्रतीसाठी सोमवारीच अर्ज करा.